दिवा होता तोवर

आमचं घर पाडायचं वेळापत्रक मी स्वतः बसून आखलं होतं. ऑफिसातल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पट्टीने रेघा मारून. आधी विजेचा मीटर, मग कौलं, मग रिपा आणि वासे, मग दारं-खिडक्या चौकटींसकट, मग भिंती, आणि सगळ्यात शेवटी जोतं. पाऊस संपून अंगण वाळलं की सुरुवात करायची आणि होळीच्या आत बिल्डरला जमीन मोकळी करून द्यायची. कागद मी बायकोला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "यात दादा कुठे आहेत?" मी म्हटलं, "ते आपोआप येतील." तेव्हा मला तसंच वाटत होतं.

हे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराचं. भाईंदर पूर्वेला आमचं खारी गाव तेव्हा अजून गाव दिसायचं. स्टेशनच्या बाजूने बिल्डिंगा एकेक पाऊल पुढे टाकत येत होत्या. आमच्या मागच्या दारातून मात्र अजून मिठागरं दिसायची. खाऱ्या वाऱ्याने आमच्या भिंतींना कायमचा लोणा लागलेला. कितीही चुना मारा, दिवाळीनंतर पोपडे सुटायचेच. जमिनीवर पांढरा भुगा पडायचा आणि वहिनी तो रोज सकाळी झाडून काढायची.

आम्ही दोघं भाऊ. दादा माझ्याहून इतके मोठे, की बाबांच्या माघारी मला तेच बाबांसारखे. ते मिठागरावर राबले, थोडी भातशेती केली, एक म्हैस सांभाळली आणि मला शिकवलं. मी मुंबईत ऑफिसला लागलो आणि हळूहळू घरातली 'हाय-न्हाय' तोंडातून पुसून टाकली. घराचे दोन भाग नव्हते. दोन चुली होत्या, एवढंच. आमची मागच्या पडवीत आणि दादा-वहिनींची माजघरालगत. त्यांना मूल झालं नाही. देव माजघरातच, भिंतीतल्या कोनाड्यात.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. परीक्षेच्या दिवसांत वीज गेली की ती कोनाड्यातला दिवा उचलून माझ्या वहीशेजारी आणून ठेवायची. दादा ओरडायचे, "अगं, देवाचा दिवा हाय तो."

"असू दे," ती म्हणायची. "देवाला काय वाचायचंय?"

हे आधी सांगून ठेवतोय, कारण पुढचं सगळं त्याच दिव्याचं आहे.

मला ते घर नको होतं. बायकोला संडास घरात हवा होता, नळ घरात हवा होता, पोराच्या अंथरुणात विंचू नको होता. ही सगळी खरी कारणं होती आणि मी ती सगळ्यांना सांगायचो. न सांगितलेलं कारण वेगळंच होतं. मला माझं दार हवं होतं. स्वतःचा नंबर असलेलं, आतून लावता येणारं. दादांच्या घरात मी पन्नाशीचा झालो असतो तरी त्यांच्या हाकेतला 'बाला'च राहिलो असतो. ऑफिसातला एक सहकारी एकदा घरी आला होता. दादांनी त्याला ओटीवर बसवून माझ्या लहानपणी मला खरूज कशी झाली होती ते साग्रसंगीत सांगितलं. तो हसला, मीही हसलो. पुन्हा मी कुणाला घरी बोलावलं नाही.

बिल्डरला आमच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या. दादा वर्षभर नाही म्हणत राहिले. मग एकदा भर पावसात माजघराची एक बाजू गळायला लागली आणि वहिनी रात्रभर पातेली सरकवत बसली. सकाळी ते म्हणाले, "आण तुझा कागद." सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "पन एक हाय. कोनाड्यात दिवा हाय तोवर घराला पहार लागायची न्हाय. दिवा मी हलवीन तवा हलवीन."

यात नवं काहीच नव्हतं. आमच्याकडे रीतच ती. घर उतरवायचं असलं की घरातल्या थोरल्याने आधी देवासमोरचा दिवा तेवता तेवता नव्या घरी न्यायचा. वाटेत विझू द्यायचा नाही. तो बाहेर पडला की मागे उरतात त्या नुसत्या भिंती, मग काय पाडायचं ते पाडा. दिवा जळत असलेल्या घराला आमच्या गावातला माणूस लोखंड लावत नाही. मी मान डोलावली. आठ-पंधरा दिवसांत चांगला दिवस बघून ते दिवा हलवतील असं मी धरून चाललो होतो.

त्या दिवसापासून दादांनी दिवा अखंड ठेवला. एरवी आमच्याकडे तो सकाळ-संध्याकाळ लागायचा. आता तो विझेचना. वहिनी दुपारी बसून वाती वळायची, तेल घालायची, काजळी झाडायची. दिवाळी झाली, अंगण वाळलं. बिल्डरने दादांसाठी नवघरला भाड्याची खोली घेऊन ठेवली. दादा जाऊन बघून आले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"खोली बरी हाय. पन भाड्याच्या जागंत देव नेऊ? मालकानं उद्या ऊठ म्हटलं तर देवांनी कुठं जायाचं?"

"मग नेणार कुठे?"

"तुझ्या बिल्डिंगीत. झाली की नेईन."

"दादा, बिल्डिंग इथेच व्हायचीय. हे घर पाडल्याशिवाय ती होणार कशी?"

"ते तुमी शिकलेल्यांनी बगायचं," असं म्हणून ते म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

गावात याची मजा झाली. तोडकामाचा मुकादम नवघरचा, आमच्यातलाच. तो रोज सकाळी येऊन ओटीवर बसायचा, आत वाकून दिव्याकडे बघायचा, वहिनीच्या हातचा चहा प्यायचा आणि उठायचा. जाताना मला म्हणायचा, "शेट, लोकं कोर्टातून कागदाचा स्टे आनतात. तुमच्या दादानं तेलाचा आनलाय." बिल्डर मात्र हसेना. त्याने मला बोलावून सांगितलं, "मैं बाहर का लेबर ला सकता हूँ. उनको दिया-विया से क्या लेना-देना? बस, आप एक बार बोल दो." आणि मग जोडलं, होळीपर्यंत जागा मिळाली नाही तर तो पलीकडच्या वाडीत काम सुरू करणार, आमचं राहिलं ते राहिलं.

बाहेरची माणसं आणायला मी नाही म्हणालो. ते भलेपण नव्हतं. गावाने मला पाहिलं असतं, म्हणून. मला घर पडायला हवं होतं, पण ते मी पाडलं असं दिसायला नको होतं.

माघात खाडीपलीकडे वहिनीच्या भाचीचं लग्न आलं. दादा जायला तयार नव्हते. "दिव्यापाशी कोन?" वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "भावजी हायत की. त्याच दिव्यावर शिकलेत." बायको पोराला घेऊन माहेरी गेली होती. मी म्हटलं, "जा निवांत. मी बघतो." त्या क्षणी माझ्या मनात काही नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. होतं.

निघायच्या आधी वहिनीने मला कोनाड्याजवळ उभं करून दाखवलं. "तेल दुपारी एकदा, निजायच्या आधी एकदा. वात आत सरकली की या काडीनं पुढं सारायची, हलकी. वात नवी घातलीय, चार पदरी वळलीय, उद्यापर्यंत कुठं जात न्हाय." नवं लुगडं नेसली होती ती. उंबऱ्यावरून परत फिरली आणि म्हणाली, "आनि कोलंबीचं कालवण झाकून ठेवलंय. मांजर बघा."

घरात मी एकटाच. मला आठवतं तसं त्या घरात मी पहिल्यांदाच इतका एकटा होतो. जेवलो. तेल घातलं. ओटीवर बसलो. ऊन कलायला लागलं होतं आणि मिठागरावर मिठाच्या राशी चमकत होत्या. मी उठून आत गेलो, काडी घेतली आणि वात पुढे सारायच्या ऐवजी मागे ओढली. हलकीच. ती तेलात बुडाली. ज्योत एकदा निळी झाली आणि गेली.

फुंकर घातली नाही. देवाच्या दिव्याला फुंकर घालत नाहीत. एवढी सभ्यता मी पाळली.

मी लगेच पुन्हा तो लावू शकलो असतो. काड्यापेटी तिथेच होती. संध्याकाळ होईपर्यंत मी त्या काड्यापेटीकडे बघत बसलो होतो आणि मला एकीकडे हलकं वाटत होतं. हेही लिहितो, कारण पश्चात्ताप तेव्हाच झाला असं कुणाला वाटू नये. तो फार उशिरा आला. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं आली. वहिनीच्या हातात लग्नातल्या लाडवांची पुडी होती. कोनाड्यापुढे ती थांबली आणि पुडी तिच्या हातातच राहिली.

"काय झालं?" दादा म्हणाले.

उत्तर मी आधीच तयार ठेवलं होतं. "तेल मी दोन्ही वेळा घातलं. सकाळी बघतो तर वात तेलात घसरलेली. आखूड होती बहुतेक."

वहिनी म्हणाली, "आखूड न्हवती."

दादांनी वात चिमटीत धरून बाहेर काढली. तेलाने थबथबलेली, काळं टोक. ओली वात आखडलेलीच दिसते. त्यांनी ती वहिनीसमोर धरली. वहिनीने काड्यापेटी उचलली. "लावते परत."

"ठेव," दादा म्हणाले. "देवांनीच हात सोडला. आता लावून काय व्हतंय?" आणि मग, वात खाली ठेवत, "इतकी वर्षं वळतेस. याच टायमाला चुकायचं होतं तुला?"

दादा असंच धरतील हे मला ठाऊक होतं. हट्टी माणूस, पण हट्ट देवाच्या भरवशावर करणारा. देवाने मान हलवली असं वाटलं की त्यांचा हट्ट संपायचा. त्यावरच मी सगळं बेतलं होतं. वहिनीचं मी काही बेतलं नव्हतं. तिचा विचारच केला नव्हता.

मुकादमाला निरोप गेला. देव फडक्यात बांधून नवघरच्या खोलीत गेले, तेवत्या दिव्याशिवाय. कामाच्या दिवशी सकाळी दादा सगळ्यांच्या आधी शिडी लावून वर चढले आणि पहिलं कौल त्यांनी काढलं. मला वाटलं होतं ते बघायलाही येणार नाहीत. त्यांनी रांग लावली. वर ते, शिडीवर एक माणूस, खाली मी आणि माझ्यामागे कौलं रचणारे. एकेक कौल हातातून हातात. "सांभाळून रं," ते वरून म्हणायचे, "ही मंगलोरी हायत, बाबानं होडीतून उतरवून घेतलेली." दरवर्षी पावसाआधी कौलं चाळायला याच छपरावर मी त्यांच्याबरोबर चढायचो. तेव्हा आम्ही फुटकी काढून नवी बसवायचो. आता चांगली काढत होतो. दुपारपर्यंत छप्पर उघडं पडलं आणि माजघरात ऊन शिरलं. ते ऊन विचित्र होतं. कोनाड्यातली काजळी पहिल्यांदाच सबंध दिसली, वरपर्यंत गेलेली, माणसाच्या सावलीएवढी मोठी.

रिपा निघाल्या, वासे निघाले. पुढच्या दाराची सागवानी चौकट सुटता सुटेना, शेवटी दादांनीच पाचर मारून ती सैल केली. भिंतींना फार वेळ लागला नाही. पहारीचा पहिला घाव बसला आणि लोणा लागून पोखरलेली वीट पिठासारखी सांडली. मुकादम म्हणाला, "ही भिंत शेट उभी कशाच्या आधारावर होती कोनास ठाऊक."

वहिनी शेवग्याखाली भांड्यांच्या ढिगाजवळ बसली होती. मी पाणी प्यायला गेलो. धुळीने तिचे केस पांढरे झाले होते. तांब्या माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "भावजी, वात मी चार पदरी वळली होती."

मी पाणी प्यायलो. तांब्या खाली ठेवला. म्हटलं, "होतं असं कधीकधी," आणि परत रांगेत जाऊन उभा राहिलो.

बिल्डिंग व्हायची तशी झाली, सांगितल्यापेक्षा उशिरा. दादांना तळमजल्यावर जागा मिळाली, मला तिसऱ्या मजल्यावर. बाकी सगळी माणसं बाहेरून आलेली. गिरगावातून, मालाडहून, गुजरातेतून, राजस्थानातून. जिन्यात आम्ही हिंदी बोलायचो. नव्या वॉचमनने एकदा मला विचारलं, "साहब, आप किधर के हो?" मी म्हटलं, "इधर का." तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. मला दार मिळालं होतं, नंबरासकट. संध्याकाळी आतून कडी घालून बसलो की कुणाचाच आवाज यायचा नाही. हेच मी मागितलं होतं.

सवयीने आमची दोनच दारं दिवसभर उघडी असायची, खाली दादांचं आणि वर माझं. ऑफिसातून येता-जाता मला त्यांचं घर दिसायचं. हॉलमध्ये फळीवर देव. दिवेलागणीला दादा स्वतः तेल घालायचे, बाजारातून आणलेली तयार वात स्वतः लावायचे. वहिनी बाजूला उभी असायची, हात जोडून. लग्न होऊन आल्यापासून जे काम तिचं होतं, ते त्यांनी काढून घेतलं होतं. भांडण नाही, बोलणं नाही. नुसतं काढून घेतलं. बायको एकदा म्हणाली, "दादा वहिनींना दिव्याला हात का लावू देत नाहीत?" मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "असेल काही." बायकोलाही मी कधी सांगितलं नाही.

सांगायची संधी नव्हती असं नाही. वहिनी दर आठवड्याला काहीतरी वाटीत घेऊन वर यायची. जिने चढून धापा टाकत बसायची आणि म्हणायची, "तुमच्या बिल्डिंगीत देव पन लिफ्ट मागेल." कितीदा ती आणि मी दोघंच असायचो. मी वाटी रिकामी करून, धुऊन परत द्यायचो. सांगायचं म्हणून तोंड उघडायचो आणि विचारायचो, "पाणी आलं का खाली?"

गेल्या पावसाळ्यात ती गेली. साध्या तापाचं निमित्त. दिवस झाल्यावर बायको तिच्या पेटीतली लुगडी काढत होती, मी आणि दादा समोर बसलो होतो. लुगड्यांच्या खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. बायकोने झाकण उघडलं. आत वाती होत्या. काठोकाठ, दाबून भरलेल्या. खालच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या, वरच्या पांढऱ्या. सगळ्या लांब आणि जाड, करंगळीएवढ्या.

दादांनी एक हातात घेतली. "हे कशाला वळत होती? मी तर विकतच्या आनायचो."

बायको म्हणाली, "दुपारी बसायच्या ना त्या कापूस घेऊन. मला वाटलं, देवळात देतात."

दादा पदर मोजत होते. नखाने उलगडून. मी बायकोला म्हटलं, तू वर जा जरा. ती गेली. मग मी दादांना सांगितलं. काडी, मागे ओढलेली वात, आखूड होती हे वाक्य, सगळं. ऑफिसात जसं सांगतात तसं, क्रमाने. आवाज अजिबात कापला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ते ऐकत होते. वात हातातच होती. मला वाटलं, मारतील. मारावं असंही वाटलं. मग वातीकडे बघतच ते म्हणाले, "मना काय सांगतोस? तिला सांगायचं होतंस."

मी म्हटलं, "हो."

"दर आठवड्याला येत होती तुज्याकडं."

"हो."

"मी पन तिला..." एवढंच बोलून ते थांबले. डबा त्यांनी मांडीवर ओढून घेतला, झाकण लावलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठलो तेव्हा त्यांनी 'बस' म्हटलं नाही. 'जा' पण म्हटलं नाही.

त्याला आता काही महिने झाले. आम्ही बोलत नाही असं नाही. पाण्याचं बोलतो, लाइट बिलाचं बोलतो. 'बाला' मात्र ते म्हणत नाहीत. ज्या हाकेपासून सुटायला मी एवढं केलं, ती आता बंद झाली आहे.

दादांचं दार दिवसभर उघडं असतं. फक्त दिवेलागणीला ते लावून घेतात, पूर्वी कधी लावत नसत. मी ऑफिसातून येतो तेव्हा नेमकी तीच वेळ असते. आत ते तिच्या वाती लावत असणार, कारण जाड वातीचा धूर होतो आणि तळमजल्याच्या जिन्यात त्याचा वास येतो, जुन्या माजघरासारखा. डब्यात किती उरल्या असतील, मला माहीत नाही. मी दारासमोर जरा थांबतो. बेल वाजवत नाही. मग जिना चढून वर येतो.